जामिनाचा वाटा

वेरावळ,
१४ एप्रिल २००४

प्रिय सदा,

ईस्टरला पाचूबंदरला आलो होतो, तेव्हा तुझ्या विरारच्या घरी दोन तास बसलो. तुमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर भाषण ऐकलं, तीन कप चहा प्यायलो, आणि ज्या कामासाठी आलो होतो ते तोंडातून निघालंच नाही. ज्ञानदावहिनी समोर होत्या. काही मागण्या मित्राच्या बायकोसमोर करता येत नाहीत. म्हणून आता कागदावर करतोय.

आमच्या फ्रान्सिसदादाची रिटा तुला माहीत आहे. यंदा बारावीला बसली. पुण्याच्या एका संस्थेत तिची निवड झालीय. तीन वर्षांची पदवी आहे, समुद्रविज्ञान, कायदा आणि अर्थशास्त्र, तिन्ही एकत्र. बारावी पास झाली की जागा तिची. पहिली फी दहा जुलैपर्यंत भरायची.

दादा पडला बोटीवरचा तांडेल, ऐकलं आणि बंदरावरचा हिशोब लावला. म्हणाला, "कोलंबी, बोंबील नि मांदेली एकाच टोपलीत टाकली तर लिलावात भाव कोनाचा लागल? मांदेलीचा." त्यावर पोरगी म्हणते, "पप्पा, दर्यात ती एकत्रच असतात. टोपल्या आपण वेगळ्या करतो." दादा गप्प बसला. तुला ठाऊक आहे, दादा गप्प बसला म्हणजे अर्धा हो.

कर्ज साडेचार लाखांचं. बँकेला पगारदार जामीनदार हवा. आमच्या सगळ्या घराण्यात महिन्याच्या एक तारखेला पगार घेणारा माणूस नाही. मी इथे मासळीच्या कारखान्यात कंत्राटावर, ते बँकेला चालत नाही. सरकारी नोकरीतला मित्र एकच, तू. कॉलेजात माझी प्रॅक्टिकलची वही तू पूर्ण करून द्यायचास, ते उपकार अजून फिटले नाहीत, तरी हे मागतोय. रागावू नकोस.

तुझा,
युजीन


विरार (पूर्व),
२५ एप्रिल २००४

प्रिय युजीन,

रागावलो नाही. पण लगेच हो म्हणू शकलो नाही, याचं तुला वाईट वाटेल म्हणून आठवडाभर पत्रच लिहिलं नाही. हे जास्त वाईट झालं.

बावीस वर्षं सांख्यिकी खात्यात काढल्यावर माणसाला एक खोड लागते. कुणी म्हणालं "चांगला कोर्स आहे", की मी विचारतो, किती जणांसाठी? संस्थेच्या माहितीपत्रकात लिहिलंय की त्यांच्या पदवीधरांचा सरासरी पगार महिना अठरा हजार. आधीच्या तुकडीत अडतीस जण होते आणि ही सरासरी चौदा जणांची आहे, हे खाली बारीक अक्षरात. उरलेले चोवीस कुठे गेले?

कर्जाचं मांडून पाहिलं. दर वर्षी दीड लाख, अकरा टक्के व्याज, शिक्षण संपल्यावर एक वर्षाची सवलत. तोवर व्याज धरून रक्कम सहा लाखांच्या घरात जाते. पुढे सात वर्षांत फेडायची तर हप्ता सव्वादहा हजार. रिटाने वसईच्याच कॉलेजात बी.एस्सी. केलं तर वर्षाला काही हजारांत भागेल. मी आणि तू तेच केलं. त्यातून तू वेरावळला पोचलास आणि मी माझ्या टेबलावर, हा पुरावा बाजूने की विरुद्ध, मला सांगता येत नाही.

मागच्या रविवारी पाचूबंदरला जाऊन फ्रान्सिसदादांना भेटलो. "बघतो" एवढंच म्हणालो. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. रिटाकडे संस्थेच्या स्मरणिकेत जुन्या विद्यार्थ्यांचे पत्ते होते. ते उतरवून आणलेत. अडतीसही जणांना जोडकार्ड पाठवतोय. उत्तराचं कार्ड जोडलेलं असलं की माणसाला टाळायला लाज वाटते.

ज्ञानदाला अजून काही सांगितलेलं नाही. आधी माझं मत ठरू दे.

तुझा,
सदानंद


वेरावळ,
४ मे २००४

प्रिय सदा,

दादाचा फोन आला होता. म्हणाला, "सदाने हात दिला." आमच्यात हात दिला म्हणजे झालं. नौकेच्या सौद्यातही कागद नंतर येतो. तू तिकडे कार्डं वाटत बस, इकडे आम्ही सुटकेचा निःश्वास सोडलाय.

तुझं गणित वाचलं. तुला एकच विचारतो. आपण दोघांनी बी.एस्सी. केलं तेव्हा कुणी असा तक्ता मांडला असता, तर आपल्याला कॉलेजात पाठवलं असतं का?

रिटा का हट्ट धरते ते ऐक. चार वर्षांपूर्वी दादाला एका फेरीत मिळायचं तेवढं आता तीन फेऱ्यांत मिळत नाही. मच्छीमार सोसायटीत एक साहेब आले, म्हणाले समुद्राचं काम माझं, कायद्याचं दुसऱ्या खात्याचं. दुसरे आले, ते म्हणाले भावाचं आम्हाला विचारू नका. पोरगी मागच्या बाकावर बसून ऐकत होती. घरी येऊन म्हणाली, "अंकल, ह्यांच्यातला एक जरी तिन्ही शिकला असता ना!" तिथून हे सुरू झालं.

लवकर सही कर.

युजीन


विरार,
१६ मे २००४

प्रिय युजीन,

आधी एक अवघड गोष्ट.

गेले तीन आठवडे दर फेरीनंतर दादांचा खलाशी रमेश आमच्या दारात पिशवी घेऊन उभा राहतो. पहिल्यांदा पापलेटं होती. ज्ञानदाला वाटलं, तूच सांगितलं असशील. दुसऱ्यांदा घोळ मासा. तेव्हा मी त्याच्या हातात तीनशे रुपये ठेवले. तिसऱ्यांदा तो ते तीनशे रुपये परत घेऊन आला आणि म्हणाला, "तांडेल लय भडकला. बोलला, घरच्याकडून कोन पैसे घेतं?" आणि पुन्हा पिशवी.

मी अजून सही केलेली नाही. सही करीनच असंही नाही. अशा वेळी येणारे मासे मला काय वाटावेत? ऑफिसात कंत्राटदाराने आणलेला मिठाईचा पुडा मी दारातून परत पाठवतो. परवा रात्री डायरीत लिहिलं: "दादा साधा माणूस आहे, तो लाच देणार नाही. मग मला ती लाच का वाटते? कारण माझ्या मनात नकार आहे, आणि नकार देणाऱ्याला प्रत्येक भेट टोचते." हे खरं की नुसतं सुंदर वाक्य, ठरवता आलं नाही.

आता उत्तरं. अडतीसपैकी अकरा कार्डं परत आली. चौघं पुढे शिकताहेत, म्हणजे कमाई शून्य. नोकरीवाले सात. त्यांचे पगार: सहा हजार, साडेसहा, साडेसात, आठ, साडेनऊ, चौदा आणि बेचाळीस हजार. सरासरी काढली तर तेरा हजारांवर जाते. पण ती त्या एका बेचाळीसवाल्याने ओढलेली आहे, तो परदेशी कंपनीत आहे. सातांना ओळीत उभं केलं तर मधला माणूस आठ हजारवाला. हप्ता सव्वादहा हजार.

ज्यांनी उत्तर दिलं नाही ते सत्तावीस कोण? कमी कमावतात म्हणून गप्प, की जास्त कमावतात म्हणून वेळ नाही? मला माहीत नाही. सहा हजारवाल्याने कार्डावर कोपऱ्यात लिहिलंय: "काम आवडतं. पण घरी फोन करायला आवडत नाही."

युजीन, माझा पगार बारा हजार. आमचा वेदांत दोन वर्षांत इंजिनिअरिंगला जाईल. रिटाचा हप्ता चुकला तर बँक माझ्या पगारातून कापेल. हे फ्रान्सिसदादांना नीट ठाऊक आहे ना?

सदानंद


वेरावळ,
२४ मे २००४

प्रिय सदा,

तुझं पत्र वाचून आधी एवढा हसलो की बाजूच्या खोलीतला सुपरवायझर बघायला आला. मग हसू थांबलं.

अरे येड्या, ते मासे लाच नाहीत. तो तुझा वाटा आहे.

आमच्याकडे फेरी आली की डिझेल, बर्फ, जेवण यांचा खर्च आधी वजा होतो. मग उरलेल्याचे वाटे पडतात. बोटीचा वाटा, जाळ्यांचा, तांडेलाचा, खलाशांचा. ज्याने काही घातलं त्याला वाटा. आणि फेरी रिकामी आली तर कुणालाच काही नाही. बोट बुडाली तर सगळ्यांचं बुडालं, कुणी कुणाच्या दारात मागायला जात नाही. दादाने आयुष्यात हाच एक व्यवहार पाहिलाय. डिझेलसुद्धा तो व्यापाऱ्याकडून माल देण्याच्या बोलीवर घेतो.

त्याच्या डोक्यात जामीन म्हणजे तू रिटामध्ये घातलेला वाटा. बँकेचाही वाटा, त्याचाही वाटा. तू घरातला झालास. म्हणून रिटाची फेरी परत येईपर्यंत त्याच्या बोटीतून तुला घरखर्चाला मासे. तीनशे रुपये परत का आले, कळलं आता?

आणि म्हणूनच तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: नाही. त्याला ठाऊक नाही. पोरीला नोकरी लागली नाही तर सगळे मिळून बुडू, असं त्याला वाटतं. तू एकटा बुडशील हे त्याला माहीत नाही.

सदा, हात जोडतो, त्याला सांगू नकोस. कळलं तर तो तुला सही करू देणार नाही. तो दादा आहे, दुसऱ्याच्या मुलाचं ताट ओढून स्वतःच्या मुलीला शिकवणार नाही. मग पुणं संपलं. दहा जुलैला किती दिवस उरलेत, तूच मोज. रिटा हुशार आहे, ती फेडेल. तू मासे खा आणि सही कर.

युजीन


विरार,
६ जून २००४

प्रिय युजीन,

मी सांगितलं.

तुझं पत्र आल्यापासून आठ दिवस ते खिशात घेऊन फिरत होतो. तू म्हणतोस तसं गप्प राहता आलं असतं. पण दर पिशवीबरोबर मी त्या माणसाच्या गैरसमजातून जेवत होतो.

आज सकाळी पाचूबंदरला गेलो. पावसाळी मासेमारीबंदीचा काळ जवळ आल्यामुळे बोटी वर ओढण्याची गडबड होती. दादा किनाऱ्यावर जाळी तपासत होते. मी म्हणालो, "दादा, जामीन म्हणजे वाटा नव्हे." त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. "तुला पापलेट कमी आलं काय?" म्हणाले. बाजूचे दोघे हसले. मग मी खाली बसून सगळं सांगितलं. रिटाची नोकरी, हप्ता, सात वर्षं, माझा पगार.

ते ऐकून झाल्यावर म्हणाले, "म्हंजे पोरीची फेरी खाली आली, तरी बँकेचा वाटा पुरा?"

"पुरा. व्याजासकट."

"नि तो तुज्या पोराच्या ताटातला?"

"पगारातला."

"एकच ना ते."

मग त्यांनी जाळं बाजूला ठेवलं. रिटा मागे उभी होती हे मला माहीत नव्हतं. दादा तिच्याकडे न बघता म्हणाले, "सदा, सही करू नको. तू केलीस तरी मी करनार नाय, नि बापाच्या सहीबिगर ते कागद चालत नाय, एवढं मला माहीत हाय." मग तिला म्हणाले, "कोलंबीची पाटी उचल." ती उचलून घेऊन गेली. ती पाटी किती जड असते ते मला आज कळलं.

घरी येताना मला हलकं वाटलं. हे तुला लिहायलाच हवं. खरं बोलल्याचं समाधान की सही टळल्याची सुटका? मी दोन्ही वेगळं करून पाहिलं. सुटका जास्त होती.

सदानंद


वेरावळ,
१४ जून २००४

सदा,

तू तुझ्या मनाचे कपडे धुतलेस आणि ते पाणी आमच्या पोरीच्या डोक्यावर ओतलंस. काल तिचा निकाल लागला. एक्क्याऐंशी टक्के. फोनवर मला म्हणाली, "अंकल, अभिनंदन राहू दे." एवढंच.

आता माझंही ऐक, नाहीतर तू एकटाच संत ठरशील. कंत्राटी म्हणून मी बँकेला चालत नाही, हे मी लिहिलं ते खोटं; मी विचारायला गेलोच नाही. दोन हजार साली मी इथल्या एका दोस्ताच्या ट्रॉलरला जामीन राहिलो. तो पळाला. तीन वर्षं माझा अर्धा पगार कापला जात होता. शेवटचा हप्ता या फेब्रुवारीत गेला. दादाला वाटतं मी इथे दारू पितो म्हणून घरी पैसे पाठवत नाही. वाटू दे म्हटलं. जामीन काय असतो हे तुझ्या तक्त्यापेक्षा मला जास्त कळतं, आणि तरी मी तुझ्याकडे मागितला. आता तुला कळलं मी कसला मित्र आहे.

आणि तू कसला आहेस? दादाला खरं सांगायला किनाऱ्यावर धावलास. ज्ञानदावहिनींना सांगितलंस का? दीड महिना ती बाई मासे तळतेय. कशाचे आहेत ते तिला माहीत आहे का?

युजीन


विरार,
२७ जून २००४

प्रिय युजीन,

तुझं पत्र मी ज्ञानदाच्या हातात दिलं. तोंडाने सांगायचं धाडस झालं नाही. तिने ते वाचलं, मग सगळी पत्रं मागितली. एप्रिलपासूनची. वाचून झाल्यावर म्हणाली, "कार्डं अडतीस जणांना पाठवलीत. एकोणचाळिसावं मला पाठवायचं होतं."

तिसऱ्या दिवशी म्हणाली, "वेदांतच्या वेळेला फ्रान्सिसदादा आपल्याला जामीन राहतील का?" मी म्हणालो, बँक त्यांना घेणार नाही. "मी बँकेचं विचारलं नाही," म्हणाली. आणि सकाळी एकटीच पाचूबंदरला गेली.

संध्याकाळी परत आली तेव्हा रिटा बरोबर होती. रिटाने माझा तक्ता मागितला. मी दिला. तिने अकराही कार्डं वाचली, सहा हजारवाल्याचं दोनदा. मग म्हणाली, "अंकल, तुम्ही सगळ्यांना पगार विचारलात. घरी राहतात की भाड्याने, ते नाही विचारलंत." खरं आहे. बावीस वर्षांच्या नोकरीनंतर मी प्रश्न अर्धाच विचारला. नोकरीवाल्यांपैकी पुण्यात राहणाऱ्या चौघांना तिने तिथल्या तिथे पत्रं लिहिली.

ज्ञानदा दादांशी काय बोलली ते मला सांगत नाही. फक्त म्हणाली, "ते त्यांच्या लोकांना विचारणार आहेत. नाही म्हणाले तर नाही."

तुझ्या तीन वर्षांबद्दल मी दादांना काही बोललो नाही. ते सांगणं तुझं आहे. पण सांग. एवढं लिहायचा हक्क मला उरला आहे का, माहीत नाही.

सदानंद


वेरावळ,
३ जुलै २००४

सदा,

काल रात्री दादाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "दारू पीत असतास तर बरा होतास. ती सोडवता येते." आणि ठेवला. अर्ध्या तासाने स्वतः फोन केला नि विचारलं, "तीन वर्सं जेवलास काय?" मी पस्तिशी ओलांडून नऊ वर्षं झालेला माणूस कारखान्याच्या फोनवर रडलो. पुढचं लिहीत नाही.

तिकडे काय झालं ते कळव. दिवस मोजतोय.

युजीन


विरार,
९ जुलै २००४, शुक्रवार

प्रिय युजीन,

झालं ते क्रमाने लिहितो.

रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर दादांनी बोटीच्या सातही खलाशांना घरी बोलावलं. आम्हा दोघांनाही. दादा उभे राहून म्हणाले, "डिझेल, बर्फ नि जेवन वाट्याच्या आधी कापतो. पोरगी शिकून आली नि तिचा हप्ता कमी पडला, तर कमी पडल तेवढा तसाच आधी कापायचा. मग वाटे. म्हंजे माजा कमी, तुमचा पन कमी. ज्याला नको त्यानं आता बोलायचं, पाठीमागून नाय."

मग रमेश उठला. "तांडेल, माजी उन्नती सातवीत हाय. तिच्या येळेला कापनार काय?"

"कापीन."

"नि ती नापास झाली तर?"

"तर तुजे कान कापीन."

सगळे हसले, पण रमेश हसला नाही. म्हणाला, "तसं नाय. नीट सांगा." दादा त्याच्या पुढ्यात येऊन म्हणाले, "नापास झाली तरी कापीन." तेव्हा तो खाली बसला. दोघे मात्र नाही म्हणाले. एकाची आई आजारी आहे, दुसऱ्याने कारण दिलं नाही. दादांनी त्यांना काही विचारलं नाही. त्यांचे वाटे पूर्ण राहतील, पाच जणांचे आणि बोटीचे कमी होतील.

या ठरावाला बँकेत काही किंमत नाही, हे मी तिथेच सांगितलं. बोट बंद पडली, दादा थकले, मासे आणखी कमी झाले, तर सगळं पुन्हा माझ्यावरच येतं. ज्ञानदा म्हणाली, "हे सगळ्यांना ऐकू आलं ना? मग ठीक आहे." बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, काय करू? ती म्हणाली, "मला आधी विचारलं असतंत तर एप्रिलमध्येच हो म्हटलं असतं. आता भीती वाटते. तरी करा."

आज अर्धा दिवस रजा घेतली. वसईच्या शाखेत सहीवाचून अडलेल्या कागदांवर दादांनी सही केली, मग मी. साहेबाने नेहमीच्या आवाजात विचारलं, "कर्जदाराने भरलं नाही तर तुमच्या पगारातून वसूल होईल, समजलंय ना?" मी तोंड उघडायच्या आधी दादा म्हणाले, "समजलंय. मीच समजून घेतलंय." फीचा ड्राफ्ट चार वाजता हातात आला. उद्या पहाटे रिटा तो घेऊन पुण्याला निघेल. दादा सोबत जातील.

तुला वाटेल मी आता निश्चिंत असेन. नाही. पुण्याच्या चौघांपैकी दोघांची उत्तरं आलीत. दोघंही भाड्याने राहतात, महिन्याला काही उरत नाही. ती कार्डं रिटाने स्वतः मला वाचून दाखवली, लपवली नाहीत.

दादा झेरॉक्स काढायला गेले तेव्हा बँकेच्या पायऱ्यांवर रिटा माझ्याजवळ उभी होती. म्हणाली, "अंकल, एक विचारू? त्या सात जणांत मी कुठली असेन, असं धरलंत तुम्ही?"

चांगलं काहीतरी बोलायला हवं होतं. शब्द तोंडाशी आलेही होते.

"मधली," मी म्हणालो. "आठ हजारवाली. तसं धरूनच सही केलीय."

तिने मनात वजाबाकी केली. "म्हणजे दर महिन्याला सव्वादोन हजार कमी. तेही घरी राहून, घरचंच जेवून."

"हो."

"सात वर्षं."

"सात वर्षं."

तिने ड्राफ्ट पुन्हा एकदा पाहिला, संस्थेच्या नावाचं स्पेलिंग तपासलं, पाकिटात घातला आणि म्हणाली, "बरं. मग मला कळलं, कुठून सुरुवात आहे."

तुझा,
सदानंद